वकीलसाहेबांचं पाकीट

परभणी, गुरुवार, १९८५

पिंगळीपर्यंत पळून आलो, तरी मनातली किळस गेली नाही.

पुण्याची मॅरेथॉन मी पळायची आणि त्या निमित्तानं मुलींच्या वसतिगृहाच्या छपरासाठी मदत गोळा करायची, असं ठरलेलं. परवा शेजारचे वकीलसाहेब देणगीचं पाकीट पुढं करत म्हणाले, "लय चांगलं काम करायलाव, सर. पण पोरी कुठल्या हायत?"

"पालमकडच्या," मी म्हणालो. ते गाव विचारत नव्हते, हे मला चांगलं कळलं होतं. तरी गावाचं नाव सांगून पाकीट घेतलं. शाबास! बेचाळीस किलोमीटर पळायला निघालेल्या माणसाला एक वाक्य बोलवलं नाही. दोन दिवस ते पाकीट टेबलावर होतं आणि मी त्याच्याकडं पाहायचं टाळत होतो.

आज पळून आल्यावर टेबलावरचं पाकीट उचललं आणि तसाच घामेजलेला त्यांच्या ओसरीवर गेलो. ते हातात धरून सांगितलं, "साहेब, मुली सगळ्या दलित वस्तीतल्या आहेत."

माझं बोलणं संपायच्या आत त्यांचा हात पाकिटासाठी पुढं आला. "नामांतरवाल्यांच्या पोरींसाठी पळायलाव व्हय तुमी?" पाकीट खिशात टाकून हसले. "पळा, पळा. तब्येतीला बरं असतंय."

हा माणूस देवळात पुढच्या रांगेत बसतो! त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

आणि मी काय केलं? हात जोडले आणि "येतो साहेब" म्हणालो.