घागरीखालचा भुसा

मी, हिमानी वामन महाजन, राहणार लोधीपुरा, बुऱ्हाणपूर, कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मन घाबरलेले आहे, पण कायद्याची त्याला हरकत नसावी. पुढच्या आठवड्यात इंदूरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. धाकटा भाऊ तुषार म्हणतो, "दीदी, लोक बॅग भरतात, तू वसीयत लिहून राहिली! हद है यार." बॅग मी आधीच भरली आहे.

१. बँकेतली बचत आईला. कानातलेही तिलाच, तुषारच्या होणाऱ्या बायकोसाठी जपून न ठेवता तिने स्वतः घालावे.

२. स्कूटी तुषारला. न विचारता नेली त्या सगळ्या वेळा माफ. फुटलेला आरसा माफ नाही.

३. काचेच्या टाक्या आणि त्यांतले किलीफिश. यांच्याबद्दल थोडे लिहावे लागेल.

लहानपणी मला सांधे धरणारा ताप आला. झडप त्यातच बिघडली आणि शाळा लांबली. पप्पा केळीच्या लिलावातून आले की मला टाकीसमोर बसवून शिकवायचे. मी पिल्ले मोजत अंक शिकले. पिल्ले हलायची, म्हणून माझी बेरीज अजून कच्ची आहे. हे मासे आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांतले. डबके आटले की मासे मरतात, अंडी मात्र चिखलात वाट पाहतात. आम्ही चिखलाऐवजी नारळाचा भुसा वापरतो. त्यात अंडी पडली की भुसा पिळून, जरा ओलसर ठेवून पिशवीत बांधायचा आणि काही महिन्यांनी पाण्यात घालायचा. पप्पा तो गालाला लावून ओल बघायचे. पहिला मासा मेला तेव्हा मी रडले, तर म्हणाले, "अगं, तो गेला, पण घर रिकामं करून नाही गेला."

४. अलका काकूंवरचा माझा राग. हा कोणालाच द्यायचा नाही, इथेच संपवायचा आहे.

पप्पा गेल्यानंतरची पहिली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्यांच्या नावाची घागर भरायची होती. नवी घागर परातीत नीट बसेना, म्हणून काकूंनी माझ्या खिडकीतल्या पिशवीतला भुसा तिच्याखाली पसरला. ती पिशवी पप्पांनी स्वतः बांधलेली, शेवटची. मी पाहुण्यांसमोर ओरडले, "काकू, तुम्ही पप्पांचं सगळं संपवलं!" त्या घागरीत पाणी ओतत राहिल्या.

पण नवी घागर झिरपतेच. जेवणे आटोपेपर्यंत परातीत पाणी साचले आणि त्यात पापणीच्या केसाएवढी पिल्ले वळवळू लागली. काकू ओरडल्या, "अगं बाई, किडे पडले!" मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "किडे नाहीत ना? मग भाऊजी पाणी प्यायला आले म्हण की."

आजचे सगळे मासे त्या परातीतल्या पिल्लांच्या वंशातले. काकू अजूनही चहा देताना म्हणतात, "घे, यात भुसा नाही टाकला."

५. टाक्यांतले मासे आता म्हातारे झाले आहेत, अखाजीपर्यंत टिकणार नाहीत. पुढचे सगळे कपाटाच्या खालच्या खणातल्या पिशवीत आहे. ती कचऱ्यात गेली तर पप्पांचा वंश तिथेच थांबेल. तुषारचा आणि माझा हिशेब मी त्यात धरत नाही. ही पिशवी मी अलका काकूंना देते. तुषार विसरेल. आई ती उघडून रडत बसेल. टाक्याही काकूंनाच. नळाचे पाणी अखाजीच्या आदल्या दिवशी भरून, क्लोरीन उडावा म्हणून उघडे ठेवावे आणि त्याच पाण्याने घागर भरावी.

६. मी नसले तर माझ्या नावाची वेगळी घागर भरू नये. पप्पांच्याच घागरीखाली भुसा पसरावा आणि पाणी झिरपू द्यावे.

७. मी परत आले तर वरील सर्व रद्द, स्कूटीसह. पण भुसा काकूंनीच पसरावा. मी शेजारी बसून बघेन. ओरडणार नाही.

काकूंना वाटा मिळत असल्यामुळे साक्षीला घेतलेले नाही. पुढील दोघांसमोर दोनदा वाचून सही केली आहे.

साक्षीदार: ललित भिकन चौधरी (शेजारी), अश्विनी समाधान पाटील (मैत्रीण)

हिमानी वामन महाजन
लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
दि. २ एप्रिल २०२६