माहेरपणाला येऊ नकोस

एरंडवणे, पुणे

प्रिय श्यामला,

सोमवारी पी.टी.च्या आधी शाळेच्या गेटाबाहेरच्या कट्ट्यावर बसून आपण दोघी कॅनव्हासच्या बुटांना खडू फासायचो, आठवतं? रविवारी बूट धुवायचे राहिलेले असायचेच. फळ्याजवळून तू पळवलेला खडू अर्धा अर्धा मोडायचो आणि हात मात्र एकमेकींच्या निळ्या स्कर्टला पुसायचो. सिस्टर बर्नाडेट रांगेतून यायच्या आणि त्यांची चाहूल लागली की आपण खडूचे हात पाठीमागे लपवायचो. मागच्या आठवड्यात त्या मला फार आठवल्या. का, ते सांगतेच.

तुझ्या दादाची तब्येत तशी बरी आहे. अर्धांगाच्या झटक्याला आता तीन वर्षं होतील. काठी घेऊन हॉलपर्यंत येतात, उजवा हात मात्र अजून ऐकत नाही. शब्द जड येतात, पण टोमणा अगदी स्पष्ट येतो. परवा उपम्याचा घास घेऊन म्हणाले, ‘वा! आज मीठ रजेवर का?’ मी हसायला हवं होतं. मी डिश उचलली आणि आत नेऊन ठेवली.

हल्ली माझं असंच होतं. दूध उतू जाताना मी समोर उभी असते, बघत असते, आणि गॅस बंद करायचं सुचत नाही. बाथरूममध्ये नळ सोडून नुसतीच उभी राहते, कारण तेवढा वेळ हाक मारली तरी ऐकू येत नाही. दाढ दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर दाढ ठणठणीत. झोपेत दात आवळता, म्हणाले, कसला ताण आहे का? मी म्हटलं, ‘छे हो, आम्हा रिटायर्ड माणसांना कसला ताण!’ आणि जिना उतरताना रडायला आलं. कशाचं, ते विचारू नकोस. मला सांगता आलं नसतं.

मग मंगळवारी सकाळी यांच्या हातून चहा सांडला. टेबलावर, पेपरवर, माझ्या नुकत्याच बदललेल्या साडीवर. आणि माझ्या तोंडून सिस्टर बर्नाडेटचा आवाज निघाला, अगदी तोच, थंड आणि कापणारा: ‘हँड्स ऑन द डेस्क!’ श्यामला, यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, टेबलावर ठेवला, शेजारी डावा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मॅडम, आता हात खाली घेऊ?’ तो विनोद होता की ते खरंच घाबरले होते, मला कळलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात यांचा विनोद मला कळला नाही असं कधी झालं नव्हतं. तेव्हा कुठे लक्षात आलं की आजारी माणसं या घरात दोन आहेत.

आता तुझ्याबद्दल. तू दिवाळीला आलीस, मेमध्ये आलीस, दोन्ही वेळा मदतीलाच आली होतीस. ‘अगं मंदे, मला कप तरी विसळू दे,’ म्हणत माझ्यामागे फिरत होतीस. आणि मी तुझ्या हातातून कप ओढून घेतला. माहेरी आलेल्या नणंदेने कामाला हात लावायचा नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. तुला पुरणपोळी केली, डोक्याला तेल लावलं, जाताना भाजणीचा डबा दिला. तू नाशिकला पोचलीस आणि मी तापाने पडले. बरं, तुझ्या भावाला उठवताना कुठल्या बाजूने धरायचं हेही तुला दाखवलं नव्हतं. ‘मंदाकिनीबाई एकट्या किती करतात,’ असं शेजारपाजारी म्हणायचे ना, ते मला गोड लागायचं.

हे सगळं फोनवर सांगणार होते. पण फोनवर मी पुन्हा ‘इकडे सगळं छान’ म्हणाले असते, म्हणून लिहिते आहे. मी पंधरा दिवस वाघोलीला माझ्या मावसबहिणीकडे, हेमाकडे, झोपायला जाते आहे. होय, झोपायलाच. यांना सांगितलं. म्हणाले, ‘पंधरा जरा जास्त होतात. पण जा. श्यामलीला उपमा येतो का विचार.’ तर रविवारी ये, पण माहेरपणाला येऊ नकोस. दोन दिवस मी इथेच आहे, सगळं शिकवीन, आणि या वेळी तुझ्या हातातून काही ओढून घेणार नाही. सकाळच्या गोळ्या यांना खाल्ल्यावरच दे, आधी नाही. पेपर आधी यांना, मग तुला. फ्रीजमधलं जास्तीचं दूध तुळजाबाईंना दे, त्या भांडी घासायला आल्या की चहाही दे, दोघींचा एकदमच टाक. कपाटातली जांभळी नारायणपेठी तू घे, मला आता सोसत नाही. किल्ली समोरच्या आनंदीबाईंकडे ठेव. ‘नवऱ्याला टाकून गेल्या का?’ असं त्या विचारतील, तर ‘हो’ म्हणून सांग. हेमाकडचा फोन नंबर या पत्रामागे लिहिला आहे. तो डॉक्टरांना दे, तुझ्याजवळ ठेव. यांना मात्र देऊ नकोस. हे पहिल्याच दिवशी फोन करतील, आणि मी पहिल्याच फोनला परत येईन.

तुझीच,
मंदा