शंभरातला एक

ता. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू शिकवलंस तसंच केलं आणि माणूस गेला. आधी हेच लिहिते, नाहीतर पुढचं लिहवणार नाही.

शाळेच्या बसचे ड्रायव्हर होते. छातीत कळ आली म्हणून बायकोचा हात धरून आमच्या आरोग्य केंद्रात चालत आले. ईसीजी काढून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पाठवला, त्यांनी फोनवर होकार दिला. डोक्याला मार लागलाय का, कुठे ऑपरेशन झालंय का, सगळं विचारलं. रक्तदाबही ठीक होता. मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. कळ थांबली. हसून म्हणाले, आता घरी सोडा. थोड्या वेळाने जीभ जड झाली. मेंदूत रक्तस्राव. संध्याकाळपर्यंत गेले.

चौकशीत माझी चूक निघाली नाही. तरी केंद्राच्या साहेबांनी बंदी घातली, म्हणतात, नर्सच्या हाती हे नकोच, डॉक्टर पोचेपर्यंत थांबायचं. बाबा म्हणतात, राजीनामा दे. आई नुसती ताटात वाढत राहते. मलाही वाटतंय, सोडावं.

रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझी,
चिमी


ता. ९ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडले, मग चहा घेतला, मग चिडले. तुझ्यावर नाही. शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होतो, हे मी नर्सिंगच्या वर्गात तुमच्यासमोर फळ्यावर लिहिलं होतं. पण फळ्यावरचा आकडा वेगळा आणि हसून घरी सोडा म्हणणारा माणूस वेगळा. ते कुणालाच शिकवता येत नाही.

साहेबांना एवढंच विचार, डॉक्टरांची वाट बघताना किती गेले? त्यांची चौकशी कुणी केली? तिथे कुणाचा हात लागलेला नसतो, म्हणून कुणाचा राजीनामाही मागत नाहीत.

आणि बाबांना सांग, मेहुणी विचारतेय, माझी बहीण तुमच्या घरी दिली तेव्हा तरी आम्हाला कुठे खात्री होती?

सोडायचं तर सोड, पण घाबरून नको. माया आहे, म्हणूनच दरडावते आहे.

तुझी,
मावशी


ता. २० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

विचारलं. सगळ्यांसमोर. साहेब लाल झाले, म्हणाले, हा उद्धटपणा कुठून आला? मी म्हटलं, आजोळहून. आठवडाभर धुसफुसले, पण बंदी उठवली. बाबांना तुझा निरोप सांगितला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून गाडी काढली आणि मला ड्यूटीवर सोडून आले.

मग एक शिंपीणबाई आल्या. मी प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला, तेव्हा छातीतल्या कळांतही त्या वैतागल्या, म्हणाल्या, अगं, तू मला इंजेक्शन देणार आहेस की सून करून घेणार आहेस? इंजेक्शन दिलं. जीभ जड झाली तर लगेच कळावं म्हणून रात्रभर त्यांना बोलतं ठेवलं. परवा चालत घरी गेल्या.

आता नव्या नर्सना मीच शिकवते. साहेबांनी बजावलं होतं, ड्रायव्हरकाकांचा विषय काढायचा नाही, मुली बिचकतील. मी पहिल्याच तासाला सगळं सांगितलं, त्यांचं हसणं आणि नंतरचंही. दोघी उठून गेल्या. साहेब दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि बसून राहिलेल्यांना औषध कसं तयार करायचं ते दाखवायला लागले.

लोभ कमी करू नकोस, दरडावणंही सोडू नकोस.

तुझी,
चिमी