नानांच्या खिडकीतला रिकामा चौकोन

सारंगखेडा,
२२ नोव्हेंबर २०२५

चि. कुंदन यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

कागदावरचं पत्र बघून हसशील. हस. तू फोन उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून कधीचाच बाहेर पडलास, मग बहिणीने करायचं काय? इकडे सगळे बरे आहेत. माय बरी आहे, नाना बरे आहेत. यात्रेचे तंबू पडायला लागलेत आणि रस्त्यावर बाजारासाठी घोडे भरून आणणाऱ्या गाड्या दिसतात. मी गणपतीनंतर दोंडाईच्याहून आले ती इकडेच आहे. तुझे दाजी काय म्हणतात ते विचारू नकोस, चालवून घेतात.

पत्राचं कारण कामाचं आहे. पायथनच्या टिकिंटरमध्ये मी कॉम्प्युटरवर बटणांची एक खिडकी बनवते आहे आणि ती अडते. बटण दाबलं की आवाज वाजतो, पण तो संपेपर्यंत सगळी खिडकी गोठून बसते. तेवढ्यात आणखी बटणं दाबली गेली तर ती मागाहून एकेक बोलत सुटतात. परवा घरात सात-आठ वेळा 'चहा दे' झालं. तू असतास तर चुटकीसरशी सांगितलं असतंस, आणि वर अक्काला एवढंही येत नाही म्हणून ऐकवलंही असतंस.

पायथन आपण बरोबरच शिकलो रे. यात्रेत घर पाहुण्यांनी भरलं म्हणून तुझा कॉम्प्युटर धान्याच्या खोलीत हलवला होता. ज्वारीच्या पोत्यांवर बसून आपण आपली पहिली खिडकी केली. बटणं मांडायच्या दोन रीती एकत्र चालत नाहीत हे ठाऊक नव्हतं, एकाच चौकटीत पॅकही वापरलं आणि ग्रिडही, मग ती मेली उघडेचना. मी म्हटलं विजेचा दाब कमी असेल, तर तूही शहाण्यासारखी मान हलवलीस, गाढवा. शेवटी उघडली तेव्हा आत एकच बटण होतं, 'दाबा'. नानांनी दाबलं आणि 'राम राम, नाना' अशी अक्षरं आली. ते दचकून मागे सरकले, मग परत दाबलं. त्या दिवशी घोडे बघायला आलेल्या एकेका पाहुण्याला त्यांनी दंडाला धरून आत आणलं होतं. "हाई मन्हा पोऱ्यानी बनाडं," म्हणायचे. माझं नाव घेतलं नाही म्हणून मी फुगून बसले होते. आता तेही गोड वाटतं. ते दिवस फार आठवतात मला.

आणि हेच नाना, तू तलाठ्याची नोकरी सोडून पुण्याला निघालास तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, "सरकारी नोकरी सोडीसन बटनं बनावाले चालना. आते मन्हा घरमा पाय ठेवू नको." रागात बोलले. तू तो शब्द चार वर्षं पाळशील, असं त्यांनाही वाटलं नसेल. तेव्हापासून या घरात तुझं नाव कोणी घेत नाही. हट्टात बाप-लेक दोघेही सारखेच.

आता लिहूनच टाकते. नाना बरे आहेत असं वर लिहिलं, ते खरं नाही. गणपती उठले आणि दुसऱ्याच दिवशी नानांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजतं सगळं. राग तर पूर्वीचाच आहे, फक्त शिव्या बाहेर पडत नाहीत. डाव्या हाताने लिहायला दिलं तर नुसत्या रेघोट्या उमटतात. कोणाकडून तरी तुला निरोप धाडू म्हटलं, पण नाना चिडतील, पुन्हा झटका येईल, या भीतीने माय मला थांबवत राहिली.

ती खिडकी नानांसाठी आहे. बोट लावून चालणारा लॅपटॉप दाजींनी आणून दिला. पाणी, चहा, दुखतंय, पंखा, कूस बदला, अशी बटणं केली. शेवटचा चौकोन रिकामा राहिला, कारण माणसाला आणखी काय लागतं ते मला सुचलं नाही.

गेल्या आठवड्यात नाना त्या रिकाम्या चौकोनावरच बोट आपटायला लागले. मला वाटलं नेम चुकतोय, म्हणून बटणं मोठी केली. तरी तिथेच. मग एकेक विचारत गेले. औषध? भिलाकाकांना बोलावू? मळ्यात जायचंय? प्रत्येकाला नाही. शेवटी ते रडायला लागले. नानांना रडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग मी भीत भीत विचारलं, "कुंदन?" त्यांनी माझं मनगट असं धरलं की सोडेनात.

त्याच दुपारी मी माझ्या आवाजात तुझ्या नावाचं बटण केलं. नानांनी दाबलं. माय चुलीपुढे भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातांनी तशीच धावत आली आणि दाराकडे बघून म्हणाली, "ऊना का?" तू आलास असंच वाटलं तिला.

आता ते दिवसभर तेच दाबतात. मी सांगते, "कामवर शे, नाना." आधी मान हलवायचे. आता माझ्याकडे नुसते बघत राहतात.

खिडकी गोठते तर गोठू दे, ते मी बघून घेईन. पाणी दाबलं की पाणी येतं. चहा दाबला की चहा येतो. कुंदन दाबलं की नुसता माझा आवाज येतो. त्यापुढचं मला लिहिता येत नाही.

नानांच्या वतीने बोलणारी,
तुझी शीलाअक्का