पार्सलवाली नव्हे, मटेरियल्सवाली

४ ऑगस्ट
निर्णय घेतला. आजपासून दुपारचा चहा इंजिनिअरिंग स्कूलच्या कॅन्टीनमध्ये. कारण फक्त चहा. आमच्या मशीनच्या चहाला गोंदाचा वास येतो. किंवा गोंदाचा वास माझ्या हातांना येतो आणि चहा निर्दोष आहे. तपासलेलं नाही.

आमचं स्कूल म्हणजे पॅकेजिंग टेक्नॉलॉजी. इमारत जिमच्या मागे. विद्यापीठात आम्हाला 'पार्सल' म्हणतात. इंजिनिअरिंगवाले मेडिकलला वचकून असतात, मॅनेजमेंटवाले दोघांनाही मोजत नाहीत, आणि पार्सलला हसताना तिघांचं एकमत असतं. मला याने काही फरक पडत नाही. नोंद करून ठेवतेय, एवढंच.

६ ऑगस्ट
कॅन्टीनमध्ये रोबोटिक्स टीमच्या टेबलावर जागा मिळाली. त्यांच्या म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणतात. त्याने विचारलं, कुठल्या स्कूलची? म्हणाले, मटेरियल्स. हे खोटं नाही. पुठ्ठा हे मटेरियलच आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही, साखर सरकवली. सभ्य मुलगा.

रात्री बाबांचा फोन. शेजारच्या काकांना त्यांनी 'लेक इंजिनिअरिंगला आहे' असं सांगून ठेवलंय. दुरुस्ती करायला हवी होती. पण काकांचं वय झालंय, उगाच गोंधळतील.

१३ ऑगस्ट
मावशी मला शोधत थेट इंजिनिअरिंगच्या कॅन्टीनमध्ये आली. मावशी म्हणजे लॅबमधली माझी जोडीदार. भेटेल त्याला 'जेवलास का' विचारते, म्हणून हे नाव. सांगत होती, आपली ड्रॉप टेस्ट आजच घ्यायचीय, खोकी आपटायचं मशीन रिकामं आहे, सर थांबलेत. मी हळू आवाजात म्हणाले, तू हो पुढे. कॅप्टनने विचारलं, कोण गं? म्हणाले, ओळखीची आहे. ओळखीचीच आहे. दोन वर्षं एका टेबलावर काम करतोय.

संध्याकाळी मावशीने विचारलं, माझी लाज वाटते का तुला? वेडी आहेस का, म्हणाले, मी नेटवर्किंग करत होते. तिने मान हलवली आणि माझ्या वाटणीची खोकीही आपटून झाल्याचं सांगितलं.

संकल्प: मावशीला एकदा कॉफी पाजायची. आमच्याच इमारतीत.

२१ ऑगस्ट
टीमने यांत्रिक हात बनवलाय. अंडं उचलतो, फोडत नाही. दुसऱ्या शहरात स्पर्धेची अंतिम फेरी आहे. जिंकले तर तिथल्या प्रयोगशाळेत वर्षभर काम करायला मिळेल. कॅप्टन दुसरं काही बोलतच नाही. हात कुरिअरने पुढे जाणार, टीम मागून. आज पॅकिंगला त्याने मला मुद्दाम बोलावलं. टीमबाहेरची मी एकटीच. अर्थ स्पष्ट आहे. मला त्यांनी आपल्यात घेतलंय.

खोकं मायक्रोवेव्हचं होतं. तीनच पदरी, जुनं, कधीतरी भिजलेलं. धक्का जिरायला हाताभोवती बोटभरही मोकळी जागा नाही. फटीत वर्तमानपत्रं कोंबलेली. सवयीने मी एक कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला. आत गेला. हे खोकं कमरेएवढ्या उंचीवरून कोपऱ्यावर पडलं तर आतली बोटं राहणार नाहीत, हे सांगायला मशीन लागत नाही.

कॅप्टन म्हणाला, पार्सलवाल्यांना विचारून घ्यायचं का रे एकदा? सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. बाकीच्यांइतकंच, जास्त नाही. तोंड उघडलं असतं तर मटेरियल्स तिथेच संपलं असतं.

२२ ऑगस्ट
कुरिअरवाले हल्ली बरेच सांभाळून नेतात. शिवाय खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'नाजूक' लिहिलंय. ते कोणी वाचत नाही, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पण पहिल्या वर्षीचा अभ्यासक्रम जुना आहे.

२६ ऑगस्ट, संध्याकाळ
हात मोडला. तीन बोटं गेली. टीम फेरीत उतरलीच नाही. कॅन्टीनच्या काउंटरवर कळलं. वाईट वाटलं, अर्थात त्रयस्थ म्हणून.

संकल्प: काही दिवस चहा सोडायचा. झोपेसाठीही बरं.

२९ ऑगस्ट
कॅप्टन आमच्या लॅबमध्ये आला. बगलेत तेच खोकं. हात का मोडला ते सांगा, असं तो सरांना म्हणाला. सरांनी त्याला आमच्याच टेबलाकडे पाठवलं. माझ्या अंगात एप्रन, हातात कटर. तरीही म्हणाले, मी इथे एका कामासाठी आलेय.

तो म्हणाला, राहू दे. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. विद्यापीठाच्या वेबसाइटवर पॅकेजिंगच्या पानावर तुझाच फोटो आहे, खोकं हातात घेऊन हसतेयस. तुला स्वतःहून सांगायचं नव्हतं, म्हणून आम्ही विषय काढला नाही. पॅकिंगच्या दिवशी काढून पाहिला, तर तू हसलीस.

मी विचारलं, मग मला बोलावलं कशाला?

"खोकं बघायलाच बोलावलं होतं. तू कोपरा दाबून पाहिलास आणि काही बोलली नाहीस. आम्हाला वाटलं, म्हणजे ठीक असणार."

त्याने आवाज चढवला असता तर मलाही चढवता आला असता. त्याने खोकं टेबलावर ठेवलं. सरांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. तीन पदर, भिजलेले कोपरे, न सोडलेली जागा. अगदी बरोबर, असं सर म्हणाले.

मावशीने खोकं उचललं, तर तळ उघडला आणि तुकडे टेबलाखाली पसरले. ती गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागली. सगळं बघ हां, बारीक स्क्रूसुद्धा, असं कॅप्टन तिला सांगत होता. मला नाही.

मी तुकड्यांसाठी एका पिशवीचं तोंड उघडून धरलं. तेवढंच जमलं.