मी मळ्यात नव्हतो

मौबिसे, १४ ऑगस्ट २०१७

लाडक्या आबेलिना,

देव तुला आणि तुझ्या धाकट्या लेकीला सुखी ठेवो. तिकडे राजधानीत, दिलीतल्या त्या आश्रयगृहात दोघींना पोटभर जेवायला मिळतं ना? इकडे ठीक आहे. यंदा कॉफी बरी आली. आई अंगणात बिया वाळत घालते आणि शेजारच्या कोंबड्यांना दिवसभर शिव्या घालते.

माझं काम जोरात आहे. परदेशी मदतीचा आमचा कायदा-शिक्षणाचा प्रकल्प आणखी दोन वर्षं वाढला. गेल्या आठवड्यात मोठ्या साहेब इंगाबाई आल्या. त्यांच्यासमोर गावातल्या बायकांना मी नेहमीचं भाषण ठोकलं, "नवऱ्यानं हात उगारला तर ती घरची बाब नाही, गुन्हा आहे. पंचांच्या चटईवर बसून मिटवू नका, कोर्टात या." टाळ्या पडल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, "ते राहू दे पोरा, तुझ्या बहिणीचं काय झालं?" इंगाबाईंनी विचारलं, आजी काय म्हणतात? मी सांगितलं, कॉफी मागताहेत.

कोर्टातलं तुला माहीत आहे. त्याआधीचं नाही.

फिरतं न्यायालय गावात यायच्या चार दिवस आधी तुझ्या सासरच्या, कान्सियोच्या माणसांनी आपल्याकडे येऊन तडजोडीची चटई अंथरली. तुला कुणी कळवलं नाही, मीही नाही. बाबांच्या मागे घरचा कर्ता मी, म्हणून पान-सुपारीची टोपली माझ्यापुढे सरकवली. ती सुपारी चावली की तंटा मिटला, त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. मी म्हणालो, "हा खटला आता सरकारचा आहे."

आपले तियागो काका हसले. "गोऱ्यांचा पगार खाऊन जीभ फार लांब झाली रे तुझी! पूर्वजांच्या घरात पाय ठेवायचाय ना? मग चाव मुकाट्यानं."

मी चावली. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

चार दिवसांनी न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा मी शपथेवर सांगितलं की तुला मारहाण झाली त्या सकाळी मी मळ्यात होतो. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. दुसरा साक्षीदार नव्हता, कान्सियो सुटला. बाहेर काकांनी माझी पाठ थोपटली, "आता शोभतोस आमचा!" आबे, त्या शाबासकीची मला जितकी लाज वाटते, तितकी आयुष्यात कशाची वाटली नाही.

मी मळ्यात नव्हतो. तुझ्या अंगणात होतो, मिठाची पिशवी द्यायला आलो होतो. दार उघडं होतं. कान्सियोनं कोयत्याच्या मुठीनं तुझ्या डाव्या हातावर तीनदा मारलं. तू मला पाहिलंस, "दादा!" म्हणून हाक मारलीस. मी पिशवी पायरीवर ठेवली आणि निघून आलो. नवरा-बायकोच्या भांडणात कशाला पडा, असं मनाशी म्हणालो. मी! ज्याला नेमकं याच्याविरुद्ध बोलायचा पगार मिळतो, तो मी.

अंगणातलं हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहिलं, कारण तुझ्या एकटीच्या शब्दाला कोर्टात वजन मिळालं नाही.

अपिलाची मुदत संपायला अजून नऊ दिवस आहेत. स्वतः दिलीला येऊन सांगेन म्हटलं तर काका वाटेतच गाठतील आणि मी पुन्हा शेपूट घालीन, मी मला चांगला ओळखतो. म्हणून हे पत्र मिळताच सरकारी वकीलबाईंच्या हातात दे. माझी नोकरी जाईल. खोट्या साक्षीला शिक्षा काय, ते मीच गावोगाव शिकवलंय. आई रडेल, काका दार लावून घेतील. माझी दया येऊन हे चुलीत घालू नकोस. माफीही आत्ता देऊ नकोस, आधी कागद पोचव.

खाली पूर्ण नावानं सही करतो आहे.

एलिझारियो मेंडिस दा कॉस्ता
आबेलिनाचा थोरला भाऊ,
त्या सकाळी तिच्या अंगणात हजर