दोन उन्हं कमी

आबा,

आज बुधवार, ११ मार्च १९९८. दुपारचा पाऊण वाजलाय. भरडलेल्या जवारीची डबी ओव्हनमध्ये ठेवून मी घड्याळासमोर बसलोय. पावणेतीनला काढायची. तोवर तुमच्याशी बोलतो.

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. मी आता एमआयडीसीतल्या बियाण्याच्या प्लांटमध्ये आहे. आलेल्या मालाचा ओलावा मोजून रजिस्टरात लिहायचा, हे माझं काम. काल मशीन बंद पडलं. शेरा इंग्रजीत लागतो आणि माझी शाळा नववीतच सुटलेली. म्हणून डिक्शनरीतून ‘मेझरेबल’ शब्द काढला, स्पेलिंग तीनदा ताडून पाहिलं आणि कुंभार पिंपळगावच्या साठ पोत्यांपुढं सुबक अक्षरात लिहिलं, ‘नॉट मेझरेबल’. आज सकाळी त्या शेऱ्यावरून साठही पोती परतीच्या थप्पीला लागली.

साहेबांनी रजिस्टर पुढं सरकवलं. “स्पेलिंग बराबर आहे, शाबास. पण या मालाचा ओलावा मोजताच येत नाही, असं लिहिलंस तू. असला माल कोण ठेवील? तू मोजला नाहीस, एवढंच झालंय ना?”

बाहेर पोत्यांचे मालक काका ट्रॅक्टरला टेकून उभे होते. “पंधरा दिवस खळ्यावर वाळवून राह्यलो, भाऊ. मंग ओलं कसं?”

“ओलं न्हाई काका. माझी चूक झाली.”

“चूक तुमची, अन् पोती माझी परत? वा रे कारभार!”

तेव्हा मोंढा आठवला, तुमच्या हमालीचा धान्यबाजार. मी बारा वर्षांचा. तुम्ही पाठीवरचं पोतं उतरवता, एक दाणा दाताखाली धरता, जरा थांबता आणि म्हणता, “दोन उन्हं कमी हाये.” आडत्या हसतो, “उन्हाचं माप कोणत्या दुकानात मिळतं रे?” त्याच्याबरोबर मीही हसतो. तुम्ही पुढचं पोतं उचलता. दोन दिवसांनी, तेच धान्य उन्हात वाळल्यावर, त्याच्या ढिगाशी मला नेऊन दाणा चावायला लावता. कट्ट वाजतो. “माप हाये, पोरा. तुला वाचता येत न्हाई, एवढंच.”

‘मेझरेबल’ हा शब्द मला आज कळला, आबा. मोजता येणं दाण्यात असतं; बंद पडलं होतं ते मशीन, दाणा नाही. मी थप्पीतून औषध न लावलेला एक दाणा उचलून चावला. मग सरळ साहेबांकडे गेलो. म्हटलं, “ओव्हनमध्ये वाळवून वजनातली घट काढतो. माल वाळलेला आहे. आज मोजल्याशिवाय उठणार नाही.”

“आधीच एवढी खात्री?”

“अंदाज आहे, साहेब.”

तीन वाजून दहा मिनिटं. डबी थंड करून दोनदा तोलली. साडेदहा टक्के, बारापर्यंत चालतं. जुन्या शेऱ्यावर एकच रेघ मारली, बाजूला सही केली आणि लिहिलं, ‘काल नॉट मेझर्ड, मशीन बंद’. खाली आजचा आकडा. हमाल पोती परत आत नेतायत. काका मोठ्यानं मोजतायत, एकही सुटू नये म्हणून.

ही चिठ्ठी रजिस्टरच्या पुठ्ठ्यात राहील. तिथं रोज माझा हात जातो. एक मात्र लिहून ठेवतो. तो अंदाज नव्हता, आबा. तुमचं माप होतं. साहेबांपुढं तसं म्हणायची मला लाज वाटली.